रात्रीच्या जेवणाचा शब्द

मित्रांनो, माझ्या पाठीवरची सोनेरी अक्षरे केव्हाच उडून गेली आहेत, म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी एक जुना इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोश आहे. चिलीच्या दक्षिणेला चिलोए नावाचे बेट आहे. तिथल्या एका बंदरावरच्या औषधांच्या दुकानात माझे सारे आयुष्य गेले.

जन्म मात्र बार्सिलोनाच्या छापखान्यातला. तपकिरी कापडाची बांधणी, पक्की शिवण आणि कांद्याच्या सालीसारखी पातळ पाने. बोटीच्या पोटातून समुद्र ओलांडून मी इथे आलो. परदेशी औषधांवरचे इंग्रजी उमगावे म्हणून दुकानाचे मालक दॉन एलेउतेरिओ कार्कामो यांनी मला विकत घेतले. चिलोएची हवा इतकी ओली, की कपाटातल्या बुटांनाही बुरशी धरते. दॉन एलेउतेरिओ मला लाकडाच्या शेगडीजवळच्या फळीवर ठेवत. माझी पाने आजही एकमेकांना चिकटलेली नाहीत, ती त्या उबेमुळे. हे उपकार मी विसरलेलो नाही.

त्यांच्यानंतर दुकान त्यांच्या मुलीकडे, दोन्या ओतिलियाकडे आले. इंग्रजी लेबलाची बाटली आली की बाई मला उघडत, शब्द शोधत, स्पॅनिश चिठ्ठी लिहीत आणि खळ लावून बाटलीवर डकवत. "पुस्तकात बघून लिहिलंय ना बाई? मग काळजी नाही," असे म्हणत गिऱ्हाईक बाटली खिशात टाकी. मला त्या शब्दांचा अभिमान वाटे.

एका वर्षी बटाटे काढून झाल्यावर दॉन बेलार्मिनो ओयार्सून दुकानात आले. ते जाळी विणत. त्यांच्या रक्तात साखर वाढली होती आणि उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. बोटीने फेरीवर येणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना देणगीत आलेल्या गोळ्यांची बाटली दिली होती आणि स्पष्ट सांगितले होते, की पुढच्या फेरीपर्यंत साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल.

लेबलावर लिहिले होते, एक गोळी 'डिनर'बरोबर घ्यावी. हा शब्द इंग्रजी शिकणाऱ्या पोरालाही येतो. बाईंनी तरी मला उघडले, कारण त्या अंदाजाने काही लिहीत नसत. माझ्या पानावर तीन शब्द होते. पहिला होता 'सेना'. तुमच्या कानाला तो सैन्याचा वाटेल, पण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ रात्रीचे जेवण. बाईंनी तोच लिहिला. गोळी सेनाबरोबर घ्यावी.

काही आठवड्यांनी दॉन बेलार्मिनो परत आले, ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून. दोन्या एर्मिंदाने त्यांना बाकावर बसवले.

"जखम आणखी काळी पडलीय," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरची बोट येतेय. दुखणं थांबवायला काहीतरी द्या."

"गोळ्या घेताय ना?" बाईंनी विचारले.

दॉन बेलार्मिनोंनी कोटाच्या खिशातून बाटली काढून समोर ठेवली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

"अहो, एकही घेतली नाही?"

"घेणार कशी बाई? चिठ्ठीवर सेनाबरोबर म्हटलंय. सेना आम्ही कधी करतो? नवीन वर्षाच्या रात्री. त्याआधी धाकटीच्या लग्नात केली होती, कोकरू भाजून. मला वाटलं, औषध जड असेल, तसलं जेवण पोटात लागत असेल. नवीन वर्षाची वाट बघत होतो."

"माझं एक ऐकलं नाही जन्मात," एर्मिंदा कडाडली, "आणि चिठ्ठीचं मात्र अक्षर न् अक्षर पाळतोय म्हातारा!"

"मग रोज अंधार पडल्यावर काय खाता?" बाईंनी विचारले.

"ओन्से. तुम्ही खाता तेच. पाव, लोणी, चहा. त्यावर झोपायचं."

बाईंनी मागे वळून पाहिले. आतल्या टेबलावर त्यांचीही तीच थाळी मांडलेली होती. चिलोएत संध्याकाळी सगळ्यांच्याच घरी ओन्से असते. सेना असते ती सणाची आणि पाहुण्यांची. बाई जन्मापासून ओन्सेच खात होत्या, पण लेखणी हातात घेतली तेव्हा त्यांना आपले स्वयंपाकघर आठवले नाही.

"चूक माझी आहे, दॉन बेलार्मिनो," त्या म्हणाल्या. "गोळी ओन्सेबरोबर घ्यायची. रोज."

"तसं लिहायचं ना मग! इतके दिवस फुकट लंगडलो."

बाईंनी जुनी चिठ्ठी खरवडली आणि नवी लावली. दुसऱ्या दिवशी त्या धक्क्यावर जाऊन डॉक्टरांना भेटल्या आणि घडले ते सांगितले. डॉक्टरांनी जखम धुतली, आणखी एका फेरीची मुदत दिली आणि बजावले, की वास आला तर तडक बोटीत बसा. एर्मिंदा रोज चहा ओतताना गोळी बशीत ठेवू लागली. पुढच्या फेरीला साखर उतरली होती. जखमेला कोवळी गुलाबी कातडी धरली होती. अंगठा वाचला.

मला वाटले होते, बाई आता मला शेगडीत घालतील. त्यांनी पेन्सिलीला टोक काढले आणि माझ्या त्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिले, 'आपल्याकडे: ओन्से'. त्यानंतर मला उघडले की बाई सापडलेल्या शब्दावर बोट ठेवून मान वर करीत आणि गिऱ्हाइकाशी बोलत. चमचा म्हणजे तुमच्याकडे केवढा? सकाळी पोटात पहिले काय जाते? माझ्या कडा पेन्सिलीने भरत गेल्या. छापखान्याने मला जेवढे दिले, तेवढेच या बंदरावरच्या माणसांनी दिले. एवढे भाग्य किती पुस्तकांना लाभते?

पुढे दुकानात कॉम्प्युटर आला. माझ्यावर चहाचे कप ठेवले गेले, एकदा खिडकी उघडी राहावी म्हणून मला फटीत कोंबले गेले. तक्रार नाही. हल्लीच्या मालकिणीने मला पुसून पुन्हा शेगडीजवळ ठेवले आहे.

मित्रांनो, जुनी पुस्तके ओलीपासून जपा, त्यांची पाने दुमडू नका. शब्द अडला तर आम्हाला जरूर उघडा, आम्ही जाणतो ते सगळे सांगू. मात्र त्यातला एक निवडून कागदावर उतरवण्याआधी क्षणभर थांबा. ज्याच्यासाठी लिहायचे, तो समोर उभा असेल. त्याला विचारा, "संध्याकाळी तुमच्याकडे काय खातात?"