सीलबंद चाळीस तास

संस्थेच्या ड्रायव्हरला सगळे मौनी म्हणत. तो अबोल होता म्हणून नव्हे. बोलायला बसला की समोरच्याचा चहा गार होई. पण बावीस वर्षांत त्याने हॉर्न वाजवलेला कोणी ऐकला नव्हता. पुढे कोणी आले की तो थांबे, आणि थांबण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. आयुष्यात मिरवावे असे त्याच्यापाशी एवढेच होते.

संस्था जुने दस्तऐवज जतन करणारी. लखोट्यावर कागदी पट्टी डकवून तीन सह्या केल्या की आतला मजकूर सुरक्षित झाला, अशी तिथली श्रद्धा होती. आणि कागदापुरती ती खरीही होती. संचालकांनी जतनशास्त्रावर तीन खंड लिहिले होते. त्यांचे अवतरण सगळे देत, आणि वाचले ते फक्त मुद्रितशोधकाने.

नवी गाडी आली तेव्हा विक्रेत्याने मौनीला सगळे नीट समजावले होते. बाहेर चार कॅमेरे, आत एक. चित्रण डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या पेनड्राइव्हवर साठते. गाडी चालू असतानाचे चाळीस तास मावतात. मग सगळ्यांत जुने पुसून त्यावर नवे चढते. एखादा प्रसंग राखायचा असेल तर हॉर्न दाबायचा, की मागची दहा मिनिटे वेगळी ठेवली जातात आणि ती कधी पुसली जात नाहीत.

"आवाज मात्र टिपत नाही हं," विक्रेता म्हणाला.

"हॉर्नवर काम असेल तर माझा काही उपयोग नाही," मौनी हसून म्हणाला होता.

एका मंगळवारी दुपारी मौनी नळावर बाटली भरत असताना संचालकांना गाडी सावलीत घ्यावीशी वाटली. त्यांचा परवाना संपून चार वर्षे झाली होती. हौस संपली नव्हती. गाडी मागे आली. वाफ्याशी पाठमोरा बसून तण उपटणाऱ्या माळ्याचा गुडघा चाकाखाली गेला. मौनी धावला आणि त्याने माळ्याचे डोके मांडीवर घेतले. संचालक चालकाच्या दाराने उतरले आणि गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी, म्हणजे आपल्या नेहमीच्या जागी, जाऊन उभे राहिले.

माळ्याने डोळे उघडले. समोर मौनीचा चेहरा होता.

"तू रे?" माळी म्हणाला. "तू कसं केलंस हे?"

संचालक काहीच म्हणाले नाहीत. खोटे बोलण्याचे कष्ट त्यांना पडलेच नाहीत. पुढच्या दहा मिनिटांत कुणी हॉर्न दाबला असता तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण मौनीचे दोन्ही हात माळ्याच्या डोक्याखाली होते.

दुसऱ्या दिवशी मौनीने कॅमेऱ्यांचा विषय काढला. नोकरी जाईल ती जाईल, पण माळ्याचा पाय आपण मोडला हे त्याला माळ्याच्या मनात राहू द्यायचे नव्हते. संचालकांनी तत्काळ चौकशी समिती नेमली आणि सर्वांदेखत गाडीचा कप्पा, आतल्या पेनड्राइव्हसकट, सीलबंद केला. पट्टी, शिक्का, तीन सह्या. तिसरी सही ग्रंथपालबाईंची. त्या मनाने चांगल्या होत्या, त्यामुळे घात त्यांच्याच हातून झाला.

"सर, चाळीस तास मावतात, मी पुस्तिकेत बघितलंय," त्या म्हणाल्या. "रोजचे दोन तास धरले तरी पंधराव्या दिवशी समितीच्या बैठकीपर्यंत तीसच होतात. काळजी नाही."

"चाळीस," संचालकांनी पुन्हा उच्चारले. बाईंचे एखादे वाक्य त्यांनी इतके मनापासून ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

"साहेब, पेनड्राइव्ह बाहेर काढूनच सील केला तर?" मौनीने विचारले. "नाहीतर गाडी तरी उभी ठेवू."

"मूळ जागेवरून हलवलेला पुरावा अर्धा मेलेला असतो. खंड दुसरा. आणि तुझ्यासाठी संस्थेचं काम बंद ठेवू म्हणतोस?"

त्या दिवसापासून संचालकांना प्रवासाची विलक्षण ओढ लागली. जी टिपणे ते डाकेने मागवत, ती आणायला स्वतः जाऊ लागले. दूरच्या ग्रंथालयात जायचे, दहा मिनिटे बसायचे, परतायचे. वाटेत थांबायचे झाले तरी म्हणत, "गाडी चालूच राहू दे, मौनी. आत गारवा हवा."

मौनी तास मोजत होता. आपल्याच हाताने, आपल्याच बेताच्या वेगाने, प्रत्येक खड्डा न चुकता चुकवत, तो आपली निर्दोषता पुसत चालला होता. समोर ती पट्टी, तिच्यावर त्या सह्या. आणि तिच्यामागे बिनबोभाट लिहिणे आणि पुसणे चाललेले.

"फाडा की ती पट्टी," बायको म्हणाली.

"फाडली की मीच चोर."

"मग गाडी बंद पाडा. टायरला खिळा लागत नाही का कधी?"

"बावीस वर्षांत माझी गाडी रस्त्यात बंद पडलेली नाही."

"अहो, मग हेच लिहून दारावर लावा," ती म्हणाली. "नोकरी गेल्यावर आल्यागेल्याला वाचायला होईल."

बाराव्या दिवशी एकोणचाळीस तास भरले. संचालक मागच्या आसनावर बसले आणि म्हणाले, "आज हवा छान आहे. तळ्यापर्यंत जाऊन येऊ."

तळे दीड तासावर होते.

चाळिसावा तास उलटला तेव्हा मौनीची नजर घड्याळावर होती, रस्त्यावर नव्हती. पाठीला दप्तर लावलेली एक मुलगी अचानक पुढे आली. "बाजूला हो गं बाळा," असे ओरडत त्याने ब्रेक दाबला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा तळवा हॉर्नवर पडला. मुलगी वीतभर अंतरावरून निसटली. तिला काही झाले नाही.

"येतो की तुला हॉर्न वाजवता," मागून शांत आवाज आला.

पंधराव्या दिवशी समितीने आधी पट्टी अभंग असल्याची खात्री करून तशी नोंद केली, मग पेनड्राइव्ह काढला. मंगळवार त्यात नव्हता. तळ्याचे दृश्य होते, तेही फार सुंदर. आणि पेनड्राइव्हच्या वेगळ्या राखलेल्या भागात एकच चित्रफीत: दचकलेली मुलगी, आणि आतल्या कॅमेऱ्यात डोळे वटारून, तोंड वासून ओरडणारा मौनी. आवाज नव्हता.

"काय म्हणतोय हा त्या पोरीला?" समितीच्या अध्यक्षांनी विचारले.

"बाळा म्हणालो, साहेब," मौनी म्हणाला. "बाजूला हो म्हणालो. संचालक साहेब मागेच होते, त्यांना विचारा."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "ते इथे बाईंसमोर उच्चारण्यासारखं नाही," ते म्हणाले. "पण माझी विनंती आहे, याला फक्त कामावरून कमी करावं. पोलिसांत देऊ नये. बायकोमुलं आहेत."

कुबडी घेऊन दाराशी बसलेल्या माळ्याने संचालकांना हात जोडले. मौनीकडे त्याने पाहिले नाही.

चित्रफीत ग्रंथपालबाईंनी स्वतः रीतसर दाखल करून घेतली. तिला क्रमांक दिला, लखोट्यात घातली, पट्टी लावली. आणि हरवू नये म्हणून दोन प्रती करून दोन वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या.