दोघींत एक चेंडू

पिच अँड पट म्हणजे गोल्फचं धाकटं भावंड. मैदान आटोपशीर, फटके आखूड, पण चूक झाकायला जागा नाही. त्याच्या जागतिक सांघिक स्पर्धेत कर्णधाराने जोड्या सांगितल्या आणि नर्सबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिची जोडी बेकरीवालीशी, म्हणजे एके काळच्या वहिनीशी! भावाचा संसार मोडल्यापासून दोघींतून विस्तव जात नव्हता.

"कॅप्टन, आगीत तेल कशाला ओतताय?"

कर्णधाराचा जन्म बस चालवण्यात गेलेला. कटकटी प्रवाशांची त्याला सवय होती. "माझ्याकडे तुमच्याहून चांगलं कुणी नाही. बोलू नका हवं तर. खेळा."

जोडीचा खेळ म्हणजे चेंडू एकच, आळीपाळीने मारायचा. एकीने घाण केली की दुसरीने निस्तरायची. नर्सबाईने सुरुवातीलाच चेंडू वाळूच्या खड्ड्यात घातला. आता टोमणा येणार, म्हणून ती दुसरीकडे बघत राहिली. वहिनी मुकाट वाळूत उतरली, चेंडू अलगद खळीतल्या झेंड्यापाशी टाकला आणि बूट झटकत पुढे चालू लागली. टोमण्यापेक्षा ते जास्त लागलं.

शेवटच्या झेंड्यापर्यंत बरोबरी राहिली. समोरच्या जोडीचा चेंडू हुकला होता. आपला पट, म्हणजे चेंडू खळीत ढकलायचा हलका फटका, बसला की संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत. पाळी नर्सबाईची, आणि गवताचा उतार काही केल्या कळेना. तिच्या तोंडून निघूनच गेलं, "वहिनी, हा कुठे वळेल गं?"

वहिनी थबकली. मग येऊन शेजारी उकिडवी बसली.

"उजवीकडे. तू वीतभर डावीकडे धर. आणि हळू मार. तुला कायम घाई. केक भट्टीतून निघत नाही तोवर सुरी घेऊन उभी असायचीस."

"तो फुगायचाच इतका छान!"

दोघी हसल्या. हसण्याने हाताचा ताठा गेला असावा. चेंडू सावकाश निघाला, वळला, खळीच्या कडेवर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला.

कर्णधार धावत आला तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात होत्या.

"वहिनी म्हणालीस मला," बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली.

"मग काय म्हणू? नातं माझ्या भावाने तोडलं, मी नाही. मी आपली उगाच फुगून बसले."

"उद्या जोड्या बदलू का?" कर्णधाराने साळसूदपणे विचारलं.

"बदलून तर बघा!" दोघी एकदमच म्हणाल्या, आणि उद्याच्या मैदानाचे उतार बघायला निघाल्या.