मोठ्या दोन, बारीक तीन

शांताबाईंनी मधलं दार तिसऱ्यांदा वाजवलं. आतून नुसतं कण्हणं ऐकू आलं, तसं त्यांनी ते ढकललंच. त्यांच्या थोरल्या जाऊबाई, पद्मावतीबाई, दोन गोधड्यांखाली कुडकुडत होत्या.

शांताबाईंना काही उमजेना. ताप दोघींना एकाच दिवशी आलेला. त्यांचा स्वतःचा कालच उतरला आणि जाऊबाई अजून फणफणलेल्या. औषध तर एकाच पाकिटातलं!

सुलतान बाजारातलं हे घर दोघींच्या नवऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी मधोमध वाटून घेतलं होतं. नवरे गेले, वाटणी राहिली. बेगम बाजारातून तूरडाळ घाऊक भावात एकत्र यायची आणि तागडीत घालून निम्मी व्हायची. चिंचेचीही तीच गत. यंदा टीव्हीवर राज्याच्या वाटणीच्या बातम्या लागत, तेव्हा दोघी आपापल्या खोलीत जाणकारासारख्या माना डोलवत.

परवा पद्मावतीबाईंनी दवाखान्यातून मलेरियाचं पाकीट आणलं. शांताबाईंचे गुडघे धरलेले, त्या तपासायला गेल्याच नव्हत्या. जाऊबाईंनी रिवाजाप्रमाणे पाकीटही वाटलं: मोठ्या दोन गोळ्या स्वतःला, बारीक तीन शांताबाईंना. मोठ्या तेवढ्या स्वतःकडे ठेवल्या! शांताबाई तेव्हापासून मनातल्या मनात बोटं मोडत होत्या.

दुपारी दवाखान्यातली नर्स भारती गोळ्या नीट घेतल्या का ते बघायला आली. वाटणीचं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

“कौन बोले आपकू आधा-आधा करो बोलके?”

मग शांताबाईंचा चेहरा बघून ती मराठीत आली.

“अम्मा, दोन्ही औषधं एकाच पोटात जायला पाहिजेत. एक ताप झटकन पाडतं, दुसरं उरलेले जंतू मारतं. तुमचा ताप पण परत येईल.”

तिने दोघींच्या बोटांतून रक्त घेतलं आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली.

“पण मोठ्या तर तुम्ही घेतल्यात ना, जाऊबाई?” शांताबाईंचा आवाज चिरकला.

“त्या एकाच दिवसाच्या होत्या गं,” पद्मावतीबाई दात वाजवत म्हणाल्या. “बारीक रोज एक, तीन दिवस. म्हटलं, तू आधीच काडी झालीयस, तुला तीन दिवसांचं असू दे.”

शांताबाईंना स्वतःची लाज वाटली. वीस वर्षांत तागडी कधी झुकली नव्हती; या वेळी झुकली, तीही त्यांच्याच बाजूला.

भारतीने रजिस्टर उघडलं.

“घर एक लिहू की दोन?”

“एकच लिही. मीपण येते,” शांताबाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात टेकत जाऊबाईंच्या चपला शोधायला वाकल्या.