मधलं हिरवं

आम्ही नवराबायको शाळांसाठी उठावाचे नकाशे करायचो. कागदाच्या लगद्याचे डोंगर मी उभे करायचो, रंग आमची ही द्यायची. शेवटचा नकाशा आइसलंडचा. उशांना टेकून बसल्या बसल्या तिने तो रंगवला. वायव्येकडचा खाचाखाचांचा किनारा बघून म्हणाली, "अहो, हे उंदरांनी कुरतडलंय की तुम्ही?" नकाशा पुरा झाला आणि ती गेली.

आज सकाळी भूगोलाच्या बाई नकाशा बघायला आल्या. बघता बघता त्यांचं बोट मधल्या हिरव्यावर येऊन थांबलं.

"काका, मधे हिरवं कसं? तिथे गाव नाही, शेत नाही. वाळू, लाव्ह्याचे दगड आणि बर्फ. माणसं सगळी काठाकाठाने राहतात."

"पण नद्या आहेत ना मधे?"

"आहेत. बर्फ वितळून येतात. त्यांच्या कडेला गवतसुद्धा धड उगवत नाही."

नदी दिसली की दोन्ही बाजू हिरव्या, असा हिच्या हाताला वळणच पडलेलं.

बाईंनी माझं तोंड बघितलं असावं. "राहू द्या. मी मुलांना सांगेन. संध्याकाळी माणूस घेऊन येते," म्हणाल्या आणि गेल्या.

मी पॉलिश पेपर काढला. हिरव्यावर नुसता तपकिरी चढवला तर खालचं डोकावतं. आधी घासावंच लागतं.

"बाबा, काय करताय?" लेक आतून धावत आली. "बाई राहू द्या म्हणाल्या ना?"

"चुकीचा नकाशा तुझ्या आईने दाराबाहेर जाऊ दिला नसता."

"आईला मधे आणू नका. तुम्हाला पुसवतंय कसं, ते सांगा."

मी मधल्या मोठ्या पांढऱ्या बर्फाच्या कडेपासून घासायला घेतलं. एका जागी हिचा हात थरथरलेला दिसत होता, ब्रश डोंगरावर चढून गेला होता. तिथे मी थांबलो. मग तेही घासलं.

लेक स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाली, "काठाला तरी हात लावू नका."

"नाही लावत. काठाला हिरवंच आहे."

संध्याकाळी बाई आल्या. तपकिरी रंग अजून ओलसर होता. "आता अगदी बरोबर झालं, काका," त्या म्हणाल्या. माणसाने नकाशा उचलला. मी आत हाक मारली, "अगं, नेतायत गं."

लेक बाहेर आली नाही.