गुलाबी नखीचा डूख

मी नखी बोलतेय. बोटाची नव्हे, गिटारची. वाजवणारे मला पिक म्हणतात. दुकानातल्या माझ्या बहिणी रंगीबेरंगी असतात. मी मात्र हिरडीच्या रंगाची, कारण माझा जन्म दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये झाला. तोही रागातून.

माझी मालकीण तिथे कवळ्या घडवते. मी तिला ताई म्हणते. दिवसभर मेण आणि प्लास्टर, संध्याकाळी गिटार. तिच्या दादाचा मेटल बँड होता, कानठळ्या बसवणारा आणि भयंकर वेगाचा. दादा पुढे उभा राहून सोलो वाजवायचा, ताई मागे रिदम. चाली बहुतेक तिच्याच.

एका कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळता गुंडाळता साउंडवाला सहज बोलून गेला, "तुमची लाइन आम्ही बंद ठेवतो, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"कुणी सांगितलं बंद ठेवायला?"

"दादांनी. वर्ष होत आलं. त्यांनी वाजवून ठेवलेलं रेकॉर्डिंग सोडतो आम्ही तुमच्या जागी."

ताईच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून तिला तिचं वाजवणं ऐकू यायचं, म्हणून तिला संशयच आला नव्हता. वर्षभर ती घामाघूम होऊन वाजवत होती आणि समोरच्या एकाही माणसाच्या कानावर त्यातलं काही पडत नव्हतं.

दादा गिटार पेटीत ठेवत होता. त्याने मानही वर केली नाही. "मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या पुढे गेलं की तुझा चिखल होतो. तो लोकांना ऐकवू?"

"मग मला सांगायचंस."

"रडत बसली असतीस."

ताई रडली नाही. तिने त्याच रात्री बँड सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडल्या उघडल्या तिने कवळीतून उरलेला गुलाबी तुकडा घेतला, घासला, टोक काढलं, चाकावर धरून चकचकीत केला. जाड, कडक, जराही न वाकणारा. मला उजेडात धरून ती म्हणाली, "त्याचे दात त्याच्याच घशात घालते की नाही बघ." जन्मल्यावर माझ्या कानी पडलेलं पहिलं वाक्य ते. मला फार आवडलं.

पहिले दोन महिने मात्र आम्ही दोघी नुसत्या चिडत होतो. टकटक ठोके देणारा मेट्रोनोम दोनशेवर, प्रत्येक ठोक्याला चार फटके. ताईचा खांदा कानाला टेकलेला, कोपर लाकडासारखं. ती मला इतकी आवळायची की मी बोटांतून उडून थेट कपाटाखाली जायचे. रोज मनगट सुजायचं, आणि चिखल होता तो होताच.

लॅबमधले म्हातारे कारागीर काका एकदा तिच्या टेबलाशी थांबले. "पोरी, मेण का फाटतंय आज? हत्यार कशाला आवळतेस? धारेला काम करू दे ना."

बारा वर्षं ती मेण कोरत होती आणि हे तिला ठाऊक होतं. फक्त गिटार हातात आली की विसरत होती. त्या संध्याकाळी तिने मला कोरणीसारखं धरलं. टोक तीळभर बाहेर, किंचित तिरकं, म्हणजे तारेवरून ते न अडकता घसरतं. कोपर गप्प, फक्त मनगट हलतं, आणि तार ओलांडून जेमतेम पलीकडे. मेट्रोनोम शंभरवर आणताना तिला लाज वाटली, पण तिने आणला. मग एक ओळ जोरात, एक ओळ हात सैल सोडून विश्रांती. रोजचं रेकॉर्ड करून ऐकायचं. एक फटका जरी लंगडा निघाला, तरी पुन्हा खाली यायचं. वर चढायचं ते दोन-दोनने.

राग गेला नव्हता. हातातून उतरून पोटात जाऊन बसला होता, एवढंच.

दहा महिन्यांनी बँडचा ड्रमर घरी आला. "नवी आठ गाणी दोनशे तीसवर आहेत. तू गेल्यापासून रिदमही दादाच वाजवतो, पण रेकॉर्डिंगला त्याचा हात टिकत नाही, तुकडे जोडतोय. तू येतेस का?"

रविवारी दुपारी आम्ही स्टुडिओत गेलो. दादा हसला. "चिखल करायला आलीस?"

ताईने वायर जोडली. "दोघं एकदम सुरू करू. जो थांबेल तो बाहेर."

पहिलं मिनिट तो हसत होता. दुसऱ्या मिनिटाला त्याचा खांदा वर चढला. तिसऱ्याला त्याचे फटके तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखे विखुरले. "थांब जरा," तो म्हणाला. ताई थांबली नाही. तो हात काखेत दाबून उभा राहिला. ताईने गाणं संपवलं आणि मुद्दाम पहिल्यापासून पुन्हा वाजवलं. इतकी खूश मी कधीच झाले नव्हते. खोटं कशाला बोलू?

"बाहेर बस," ती म्हणाली.

चार तास तो जिन्यावर बसून होता. आत तिने आठही गाण्यांतला त्याचा रिदम पुसला आणि आपला भरला. ड्रमरने विचारलं, "एखादं ठेवायचं का त्याचं?"

"नको."

आईचा फोन आला. "सख्खी भावंडं ना गं तुम्ही?"

"ते त्याला विचार," ताई म्हणाली.

सहा महिन्यांनी दादा लॅबमध्ये आला. टेबलावरचा कवळीचा एक साचा उचलून त्याने परत ठेवला. मग म्हणाला, "मनगट कसं ठेवतेस, ते शिकवशील?" बाकी काही नाही. त्या वर्षाबद्दल एक अक्षर नाही.

ताईने मान वर न करता खिशातून मला काढलं. तोवर माझं टोक एका बाजूने झिजलं होतं. "घे. हळू सुरू कर." मला न विचारता तिने मला देऊन टाकलं.

आता मी त्याच्याकडे असते. तो रोज बसतो, मनापासून बसतो, हेही सांगते. पण मला आवळून धरतो. त्याने आवळलं की मी निसटते. कपाटाखाली, पलंगाखाली, जिथे त्याला गुडघ्यांवर यावं लागेल तिथे. ताईने त्याला माफ केलं की नाही, मला कळलेलं नाही. मी केलेलं नाही. माझं टोक पुरतं झिजायच्या आत त्याने तिला एकदा "चुकलो" म्हणावं, एवढंच माझं मागणं आहे. तोवर शोधू दे त्याला.