दिराच्या गाडीचा विमा

त्या सकाळी शिंपीमास्तरांनी शेवटच्या सदऱ्याची बटणं लावली आणि नवराबायको शाळेचे गणवेश पोचवायला गाडीतून निघाले. गाडीचा विमा गेल्या वर्षीच संपला होता. "आपल्या गल्लीत भरतंय कोण?" म्हणून मास्तरांनी तो विषय बाजूला सारला होता, आणि बायकोनंही पुन्हा काढला नव्हता.

वळणावर कामावर निघालेली एक नर्स रस्ता ओलांडत होती. गाडी आवरेना. धडकेआधी त्या बाईनं काचेतून थेट मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं.

मास्तर पळाले नाहीत. दोघांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. पण तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

संध्याकाळी धाकटा दीर आला. "दादा, विमा नाही म्हणजे भरपाई तुझ्या खिशातून, वर खटला. दुकान हातचं जाईल. माझ्या गाडीचा विमा चालू आहे, रंगही तोच. माझीच गाडी होती म्हणू. त्या बाईला काही आठवत नाही. वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा."

"तिलाही पैसे लवकर मिळतील," मास्तर खाली मान घालून पुटपुटले.

मास्तरांच्या बायकोला मोह झाला नाही असं नाही. पण डोळे मिटले की काचेपलीकडचा तो चेहरा समोर येई. पोलिसांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गाडी आमचीच होती. विमा नव्हता."

दुकान गेलं. मास्तर दुसऱ्याच्या मशीनवर बसू लागले. घरात ते तिच्याशी बोलेनात. नर्सला भरपाई मिळे ती हप्त्यांनी, रडतखडत.

शेवटी ती नर्सला भेटायला गेली. नर्सनं तिला बसायला सांगितलं.

"खरं बोललात, बरं केलंत. पण त्यानं माझं घरभाडं भागत नाही. खरं-खोटं करायची वेळच का आणलीत?"

काचेपलीकडचा तो चेहरा आता तिला झोपेतही हाच प्रश्न विचारू लागला.

एका सकाळी ती गल्लीतल्या पहिल्या घरी गेली. दारात गाडी उभी होती.

"विमा भरलाय का?"

"भरू हो सवडीनं," शेजारीण हसून म्हणाली. "चहा घेणार?"

"नको. तुमच्या यजमानांना बोलवा. मी बसते." आणि ती उंबऱ्यातच बसली.