अढीच्या खोलीची कडी

"रंग नंतर द्या सूनबाई, आधी ती कडी बदला."

अढीवाल्या काकू असं म्हणाल्या, तेव्हा मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. ऐकलं सूनबाईंनीही होतं. पण त्यांच्या डोक्यात तेव्हा पडद्यांचा रंग घोळत होता आणि माझ्या डोक्यात आरशांचा थाट. पुढे त्याच कडीपायी एका आईचा आणि तिच्या तान्ह्या बाळाचा जीव टांगणीला लागला. ते सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडलं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी कोठी आहे. तुमच्या ताईच्या लग्नासाठी तुमच्या घरची मोठी माणसं मला बघायला आली आहेत. त्यांचं खुर्च्या कुठे आणि फुलं कुठे हे ठरेपर्यंत तुम्ही इथे पायऱ्यांवर बसा. तिसऱ्या पायरीची कड तुटली आहे, तिथे नको. धाकट्याला मध्ये घ्या.

मला थोरल्या मालकांनी बांधलं. मिरवायला नाही, राबायला. माझ्या चारी बाजूंना नासपतीची बाग होती. कोठी बांधायची म्हणजे आधी फळांची सोय आणि मग माणसांची, असा मालकांचा खाक्या होता. खाली पेट्या भरायची लांबलचक पडवी, तिच्या टोकाला कचेरी, मागे घोड्यांचा तबेला. माणसांसाठी वरच्या चार खोल्या. मालकीणबाई म्हणायच्या, "फळांना दगडी भिंती आणि आम्हाला जिना चढायची शिक्षा." पण त्या कधी माहेरी चार दिवस जास्त राहिल्या नाहीत, हेही खरं.

माझी सगळ्यात लाडकी खोली उत्तरेकडची. नासपती झाडावर पिकू देत नाहीत. ती टणक असतानाच उतरवतात आणि गवतात थर लावून ठेवतात. त्यालाच अढी घालणं म्हणतात. त्या खोलीच्या भिंती हातभर जाड, खिडकी एकच आणि तीही टीचभर. दार जड लाकडाचं, कडेने नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड पट्टी ठोकलेली, म्हणजे बाहेरची हवा आत यायला नको. आणि दाराला बाहेरून ती लोखंडी कडी. दार ओढलं की ती आपोआप खाली पडायची. हातात टोपली घेऊन बाहेर पडणाऱ्याला दार लावायला तिसरा हात कुठून आणायचा, म्हणून मालकांनी तशी घडवून घेतली होती. आतून मात्र तिला काहीच नव्हतं. फळं काही दार उघडून बाहेर येत नाहीत.

माणसं मात्र आत जायची. पिकणारं फळ हवा जड करतं. आत फार वेळ राहिलं की डोकं गरगरायला लागतं. म्हणून एक रीत होती. आत एक, दाराशी एक. आतली बाई फळं उलटीपालटी करायची आणि दाराशी बसलेली बाई एकेक ओळ झाली की विचारायची, "आहेस का?" आतून उत्तर यायचं, "आहे." उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, थेट दार उघडायचं. एकदा थोरले मालक स्वतः आत गेले होते. दाराशी बसलेल्या पोरीने त्यांनाही विचारलं, "आहेस का?" पडवीत सगळ्यांचे हात थांबले. आतून मालकांचा आवाज आला, "आहे बाई, आहे."

ती पोर म्हणजेच आपल्या अढीवाल्या काकू. तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढे चाळीस वर्षं ती खोली त्यांनी सांभाळली. फळाला नुसता अंगठा लावून त्या सांगायच्या, हे परवा, हे सोमवारी. नव्या बायकांना शिकवताना म्हणायच्या, "अढी फळांना घालायची गं, मनात धरायची नाही." आणि मग कुणाशी तरी आठवडाभर अबोला धरायच्या.

ते दिवस बरे होते. मग मोठा रस्ता आला, मोठी शीतगृहं आली. फळं झाडावरून थेट तिकडे जाऊ लागली. झाडं म्हातारी झाली, निम्मी वठली. थोरले मालक गेले. मुलं शहरात, नातवंडं त्याहून लांब. अकरा वर्षं मी बंद होते. पडवीत गांधीलमाश्यांनी पोळी केली, तबेल्याचं छप्पर एका कोपऱ्यात बसलं. मित्रांनो, घराला भूक लागत नाही, तहान लागत नाही, पण कुणी नुसतं "काय ऊन आहे" म्हणत आत आलं तरी बरं वाटतं. काकू तेवढ्या यायच्या. मागच्या फाटकाबाहेरच्या एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. रोज माझ्या पायऱ्या झाडायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग नातसून आली. सगळे तिला सूनबाई म्हणतात, मीही म्हणते. तिच्या बहिणीच्या लग्नाचं सभागृह ऐनवेळी हातचं गेलं आणि तिने चार दिवसांत मला झाडूनपुसून उभं केलं. पाहुणे म्हणाले, अरे, ही जागा इतके दिवस कुठे होती? मी मनात म्हटलं, इथेच तर होते. त्या एका लग्नातून दहा ठरली. पेट्यांची पडवी जेवणाची झाली. तबेल्यात स्वयंपाक आला. कचेरीत नवरदेव आवरायला बसू लागले, आणि गार असते म्हणून अढीची खोली बायकांना मिळाली. तिथे फिकट गुलाबी रंग, मऊ बाक, आणि टीचभर खिडकीवर फळी ठोकून तिच्यावर हा एवढा आरसा.

काकूंनी कडीचं सांगितलं ते तेव्हा.

"काकू, ती कडीच तर खोलीचा जीव आहे," सूनबाई म्हणाल्या. "असलं काम आता कुठे बघायला मिळतं? फोटोवाले त्या दारापुढून हलत नाहीत."

"फोटो बाहेरून काढतात. माणूस आत असतो."

"आम्ही दार लावतच नाही ना पण. उघडंच असतं."

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरं."

मलाही वाटलं, काय ही म्हातारी चांगल्यात खोट काढते. कडीला तेल लागलं होतं, पॉलिश झालं होतं. लोक तिच्यावर बोट ठेवून "किती सुंदर" म्हणायचे. अकरा वर्षं काकू आणि गांधीलमाश्यांखेरीज कुणी विचारलं नव्हतं, मग भुलणार नाही तर काय? तुम्ही म्हणाल, घराच्या हातात काय असतं? असतं थोडं. ओल धरून दार फुगवणं मला येतं. चौकटीत अडकून बसणं मला येतं. मी चांगली फुगले असते, तर सुतार आला असता आणि कडी निघाली असती. पण मी कोरडी ठणठणीत राहिले, फोटोत बरी दिसावी म्हणून.

काकूंची सवय मात्र जात नव्हती. फुलांच्या परड्या घेऊन त्या दारावरून गेल्या की बोटाने टकटक करायच्या. "आहेस का?" आत एखादी नवरी केसांत फुलं माळत असायची, ती दचकायची. दोन-तीनदा कुरबुर झाली. शेवटी सूनबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "काकू, पाहुण्यांना कसंतरी वाटतं हो. नका ना करू." काकूंनी टकटक बंद केली.

त्यानंतरच्या महिन्यात, एका दुपारच्या लग्नात, नवरदेवाची वहिनी आपल्या आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन त्या खोलीत आली. बाळ गर्दीला कंटाळून किरकिरत होतं. "मी जरा याला पाजून झोपवते," ती नणंदेला म्हणाली.

"झोपव, झोपव. फोटोच्या वेळी बोलवते तुला," नणंद म्हणाली. बाळाची झोप मोडू नये म्हणून तिने जाताना दार हळूच ओढून घेतलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. कडी पडली. तेल पाजलेली होती, आवाजही झाला नाही.

थोड्या वेळाने मंडपातले दिवे तपासायचे म्हणून वायरमनने त्या बाजूची वीज बंद केली. खोलीतला पंखा थांबला, दिवा गेला, आणि हवा कोंडून आत उकडायला लागलं. वहिनीने उठून दार ढकललं. मग जरा जोरात ढकललं. "अहो ताई, उघडा, पुरे झाली थट्टा," ती हसत म्हणाली. तिचा फोन नणंदेच्या पर्समध्ये होता. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती, आणि माझ्या भिंती तर हातभर जाड. फळांसाठी केलेला तो बंदोबस्त तिच्या हाका गिळत होता, आणि मी तशीच उभी होते.

ती रडत बसली नाही. बाळाचं झबलं काढलं. मागे खिडकी असेल म्हणून अंधारात आरसा चाचपला. तो जागचा हलेना. मग ती दाराशी जमिनीवर बसली, केसांतली पिन काढली आणि दाराखालचा नमदा उचकटायला लागली. बोटाएवढी फट झाली. तिथे तिने बाळाचं तोंड आणलं आणि स्वतः गालिच्यावर गाल टेकून त्याच्याशी बोलत राहिली. बाळ आधी खूप रडलं. मग कमी कमी रडलं. मग रडायचं थांबलं, आणि ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

बाहेर फोटो झाला. सगळे उभे राहिले, उंच मागे, लहान पुढे. सासूने विचारलं, "थोरली कुठे आहे?" नणंद म्हणाली, "बाळ उठलं असेल, घेऊन बसली असेल कुठेतरी." तिच्या नवऱ्याला वाटलं, ती माहेरच्यांत आहे. तिच्या आईला वाटलं, ती सासरच्यांत आहे. मित्रांनो, मी शेकडो लग्नं पाहिली. जिच्या कडेवर मूल असतं, तिला कुणी शोधत नाही. ती कुठेतरी बसलेली असणार, असं सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

काकू परडी घेऊन दारावरून गेल्या. हात उचलला, आणि सूनबाईंचं आठवून खाली घेतला. पुढे गेल्या. दहा पावलांवर थांबल्या. मी त्यांना आयुष्यभर ओळखते. त्यांच्या पाठीवरून मला कळलं की त्यांचं मन मानत नाही. "जाऊ दे, फार तर ओरडतील," त्या स्वतःशीच म्हणाल्या. परत आल्या. टकटक केली.

"आहेस का?"

वाजंत्री चालूच होती. मला उत्तर ऐकू आलं, कारण ते माझ्या आत होतं. काकूंना नाही आलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कडी उचलली.

वहिनी घामाने भिजलेली होती. बाळ तिच्या मांडीवर लालबुंद, मलूल. काकूंनी त्याला उचलून पडवीच्या वाऱ्यात नेलं, ओल्या हाताने कपाळ, मान, तळवे पुसले. बाळाने एकदा तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला, की वाजंत्रीवाले थांबले.

भिंतीला धरून बाहेर येत वहिनीने विचारलं, "फोटो झाला का?"

"झाला असेल पोरी. तू आधी पाणी पी."

पाहुण्यांत एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बाळाला तपासलं, आईलाही, आणि काळजीचं नाही म्हणाल्या. तोवर सगळं गणगोत जमलं होतं. सासू तिच्याजवळ खाली बसली. "अगं, आम्हाला वाटलं, तू बाळाला घेऊन बसली आहेस."

"बसलेच होते," वहिनी म्हणाली. रागावून नाही, अगदी साधेपणाने. नणंद तिचे पाय चेपत बसली, आणि वहिनीने तिला चेपू दिले.

पाहुणे जायच्या आत सूनबाईंनी स्वतः पेचकस आणला. सुताराची वाट पाहिली नाही. गंजलेले दोन स्क्रू हाताला लागले, रक्त आलं, पण कडी निघाली. दुसऱ्या दिवशी आरसा उतरला आणि खिडकी मोठी झाली. मला तोडताना दुखलं, पण ते दुखणं माझ्या कमाईचं होतं.

"काकू, तुम्ही सांगितलं होतं," सूनबाई म्हणाल्या.

"सांगितलं आणि गप्प बसले. एकदाच सांगून गप्प बसणाऱ्याचाही गुन्हा असतो."

त्याला आता चार वर्षं झाली. ते बाळ आता पळतं म्हणे. माझी ख्याती वाढली आहे, नवे दिवे आले आहेत. तुमच्या ताईचंही इथे छान होईल. कडी नाही म्हणून फोटोवाले थोडे हिरमुसतात, हिरमुसू देत. तुम्ही मुलांनो, कुठल्याही घरी गेलात, तर दार ओढण्याआधी आत बघत जा. आणि वडीलधारं माणूस एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून "हे बदला" म्हणालं, तर ते कुरकुर करतंय असं समजू नका.

एवढंच सांगायचं होतं. पण तुम्ही आलाच आहात, तर आणखी एक.

माझ्या वरच्या मागच्या खिडकीतून काकूंची खोली दिसते. काकू रोज सकाळी फाटकावर ओला पंचा वाळत टाकतात आणि दुपारी उचलतात. परवा टाकलेला पंचा अजून तिथेच आहे. काल पायऱ्या झाडल्या गेल्या नाहीत, आजही नाहीत. सध्या माझ्या रंगकामाला आलेले रंगारी म्हणतात, बहिणीकडे गेल्या असतील. पहारेकऱ्याला वाटतं, रंगाऱ्यांना काही सांगून गेल्या असतील. सूनबाई गावाला गेल्या आहेत. त्या असत्या तर एव्हाना जाऊन आल्या असत्या. माझ्यापाशी भिंती आहेत, खिडक्या आहेत, पण पाय नाहीत.

तुमच्या आईला घेऊन मागच्या फाटकाने जा. बाहेर पडल्यावर डाव्या हाताची पहिली खोली, निळं दार. जिना नाही, दोनच पायऱ्या आहेत. मोठ्याने हाक मारा, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. आणि त्या "बरी आहे गं, कशाला आलात" असं म्हणाल्या, तरी लगेच फिरू नका. आत जाऊन नीट बघून या. जा, खुर्च्यांचं ठरवायला वेळ आहे अजून.